अर्धा किलो

पंखा तीनवर गेला की
नगर भूमापनच्या आमच्या हॉलमध्ये
अर्धं पुणं उडायचं.
कसब्याचा उतारा घोरपडीच्या फाईलवर जाऊन बसायचा
आणि आवक-जावकच्या खळदकर बाई
पदर खोचून धावायच्या.

म्हणून टेबलागणिक एक पेपरवेट, सरकारी, काचेचं,
आत बुडबुडे आणि एक निळं फूल,
डेडस्टॉकला नोंद असलेलं.
माझं फुटलं सत्त्याऐंशी साली.
नवीन मिळावं म्हणून अर्ज केला. तो अर्ज
अजून कुणाच्या तरी पेपरवेटखाली असणार.
तोवर काय काय ठेवून पाहिलं.
स्टॅम्प पॅड. डब्याचं झाकण.
पिंपरीच्या मेव्हण्याने दिलेलं बेअरिंग:
ते गडगडत जायचं
आणि त्याच्यामागे वारसदार.

वजन ठेवलं की कागद हलत नाही,
हे पंख्याखाली खरं.
वजन ठेवल्याशिवाय कागद हलत नाही,
हे टेबलाखाली.
मला दोन्ही पाठ.

ठकूबाई शेलार. मंगळवार पेठ, दोन खोल्या,
नवरा वारलेला, नाव लावायचं.
जुन्या बाजारात पोतं अंथरून
नटबोल्ट, कड्या, बिनकिल्लीची कुलपं विकायची.
चौथ्या खेपेला मी खिडकीकडे बघत म्हणालो,
'मावशी, कागदावर जरा वजन ठेवावं लागतं.'
हे खिडकीकडे बघतच म्हणायचं असतं.

ती म्हणाली, 'एवढंच ना?
मग आधी नाही का सांगायचं!'

बुधवारचा बाजार उरकून गुरुवारी आली.
पिशवीतून काढलं आणि फाईलवर ठेवलं,
आपटून नाही, अलगद,
तान्ह्याला खाली ठेवतात तसं.
लोखंडाचं सहाकोनी माप, अर्ध्या किलोचं.
परत उचलून, उलटं करून
पोटातलं शिसं दाखवलं:
'शिक्का बघा, साहेब. खोटं वजन नाही ठेवत मी.
काम झालं की न्यायला येते.'

हॉलमध्ये कुणीही हसलं नाही.
पंख्याचा खटका तेवढा ऐकू येत होता.
तिला कळलं नव्हतं,
की सगळं कळलं होतं?
हा एक उतारा मला अजून मिळालेला नाही.

फाईल मी स्वतः उचलून आत नेली.
चारला सही. साडेचारला नक्कल तिच्या हातात.
ती एक फाईल.
पुढच्या फायलींचं विचारू नका.
घराला जिना आहे, जिन्याला ग्रॅनाइट आहे.

माप न्यायला ती आलीच नाही.
डेडस्टॉकला नोंद नव्हती, म्हणून निवृत्तीच्या दिवशी
शाल-नारळाबरोबर तेही धनकवडीला आलं.
एका बुधवारी पिशवीत घालून
जुन्या बाजारात गेलो. तिच्या जागेवर
एक पोरगा मोबाइलची कव्हरं मांडून बसलेला.
ठकूबाई म्हटलं तर म्हणाला, 'कोण?'
शेजारचा भंगारवाला पिशवीत डोकावला,
'विकायचंय का, काका? साठ देतो.'
बसने परत आलो. सगळा रस्ताभर ते मांडीवर.

आता ते रद्दीवर असतं, विजेच्या बिलावर असतं,
हयातीच्या दाखल्यावर असतं.
परवा, सून केकचा मैदा मोजते त्या काट्यावर
सहज ठेवून पाहिलं.

चारशे एक्क्याण्णव.

उचललं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं.
चारशे एक्क्याण्णव.

सून म्हणाली, 'झिजलं असेल, बाबा.
लोखंडही झिजतं, हात लागून लागून.'

तीस वर्षं त्याला
एकाच माणसाचा हात लागतोय.

काटा पुसून तिला परत दिला.
पंखा एकवर आणला.